काहीही न लावलेली बशी

दाराची कडी, बाकाची फळी, पाण्याचा नळ, मोबाइलची काच अशा रोज हाताळल्या जाणाऱ्या पृष्ठभागांवरचे जिवाणू वाढवून पाहण्याचा प्रयोग अनेक शाळांमध्ये केला जातो. कापसाची निर्जंतुक काडी ओली करून त्या जागेवर फिरवायची, तीच काडी काचेच्या बशीतल्या पोषक माध्यमाच्या, म्हणजे जिवाणूंच्या घट्ट केलेल्या अन्नाच्या, थरावर हलक्या हाताने ओढायची, झाकण लावून दोन-तीन दिवस थांबायचे आणि उमटलेले ठिपके मोजायचे, एवढीच त्याची कृती आहे. मी नववीच्या मुलांकडून हा प्रयोग बरीच वर्षे करून घेत आले आहे आणि माझी एक समजूत दर वर्षी अधिक पक्की होत गेली आहे. या प्रयोगातली सर्वांत मोलाची बशी म्हणजे जिच्यावर काहीही लावलेले नसते ती. ती नसेल तर बाकीच्या बशांवर जे दिसते ते कशामुळे दिसते हे सांगायला आधार उरत नाही. हे असे का, ते कळण्यासाठी बशीत नेमके काय घडते तिथूनच सुरुवात करावी लागेल.

एक जिवाणू साधारण एक ते दोन मायक्रोमीटर लांब असतो, म्हणजे पाचशे ते हजार जिवाणू एकापुढे एक मांडले तर जेमतेम एक मिलिमीटर भरेल. कडीवर असे काही शे जिवाणू असले तरी ते नुसत्या डोळ्यांना दिसणे शक्य नाही. सूक्ष्मदर्शक ती वस्तू मोठी करून दाखवतो; बशी मात्र त्या एका जिवाणूची प्रजा इतकी वाढू देते की ती सगळी मिळून डोळ्यांना दिसावी. ई. कोलाय हा आपल्या आतड्यात राहणारा जिवाणू परिस्थिती अगदी अनुकूल असेल तर सुमारे २० मिनिटांत दुभंगतो आणि एकाचे दोन होतात. अशी २० वेळा दुप्पट झाली की एकाचे १०,४८,५७६ होतात आणि त्याला लागतात केवळ ६ तास ४० मिनिटे. आणखी चार वेळा दुप्पट झाली की संख्या १,६७,७७,२१६ वर पोहोचते. प्रत्यक्षात शाळेच्या बशीत एवढा वेग मिळत नाही, कारण तापमान कमी असते आणि कोरड्या कडीवरून उचललेल्या जिवाणूला सावरून वाढू लागायलाच काही तास जातात. म्हणून दोन-तीन दिवस वाट पाहावी लागते. लाखो जिवाणूंचा असा ढीग एका जागी साठला की टाचणीच्या टोकाएवढा ठिपका दिसू लागतो. या ठिपक्याला वसाहत म्हणतात.

ही वसाहत एका जागी राहते, पसरून शेजारणीत मिसळत नाही, यातच या तंत्राचे सारे मर्म आहे. मांसाच्या रसात, म्हणजे पातळ द्रवात, जिवाणू वाढवले तर सगळ्या जातींचे मिळून एकच गढूळ पाणी तयार होते, जसे बादलीत दहा रंग ओतल्यावर कोणता कुठला ते ओळखता येत नाही. घट्ट पृष्ठभागावर मात्र प्रत्येक जिवाणू रांगोळीच्या ठिपक्यासारखा आपापल्या जागी राहून वाढतो. जर्मन वैद्य रॉबर्ट कॉख यांना हे उकडलेल्या बटाट्याच्या कापांवर दिसले होते. उघड्या राहिलेल्या कापावर वेगवेगळ्या रंगांचे ठिपके उमटले आणि त्यातला प्रत्येक ठिपका एकाच जातीचा निघाला. परंतु बटाट्यावर सगळे जिवाणू वाढत नाहीत, आणि बटाटा पारदर्शक नसल्यामुळे निरीक्षणही नीट होत नाही. म्हणून त्यांनी पोषक रसात जिलेटिन घालून तो घट्ट केला. जिलेटिनच्याही दोन अडचणी होत्या. शरीराच्या तापमानाला, किंबहुना कडक उन्हाळ्यातही, ते वितळते, आणि काही जिवाणू तर ते पचवून त्याचे पाणी करून टाकतात.

हा पेच स्वयंपाकघरातून सुटला. कॉख यांच्या प्रयोगशाळेत काम करणारे वाल्टर हेसे उन्हाळ्यात वितळणाऱ्या जिलेटिनने वैतागले होते, तेव्हा त्यांच्या पत्नी फॅनी हेसे यांनी अगर वापरून पाहा असे सुचवले. जावा बेटावर राहून आलेल्या एका शेजाऱ्यांकडून त्यांना अगरची ओळख झाली होती आणि त्यांच्या घरातल्या जेली उन्हाळ्यातही ढळत नसत. अगर हा लाल समुद्री शेवाळापासून काढलेला पदार्थ आहे. आपल्याकडे वाण्याच्या दुकानात पांढऱ्या, पातळ, दोऱ्यांसारख्या पट्ट्यांच्या रूपात मिळणारे चायना ग्रास म्हणजे तेच. चायना ग्रास घालून झटपट खरवस ज्यांनी केला असेल त्यांना त्याचा स्वभाव ठाऊक असतो. ते विरघळायला चांगले उकळावे लागते, पण एकदा निवून घट्ट झाले की फ्रिजबाहेरही वितळत नाही. अगर सुमारे ८५ अंश सेल्सिअसला वितळतो आणि परत घट्ट होतो तो ४० अंशांच्या खाली उतरल्यावर. शिवाय फारच थोड्या जिवाणूंना तो पचवता येतो. कॉख यांनी १८८२ साली क्षयाच्या जिवाणूविषयी जो निबंध वाचला त्यात अगरचा उल्लेख आहे, फॅनी हेसे यांचा नाही. याची मला प्रत्येक वेळी खंत वाटते, म्हणून वर्गात अगर ढवळताना मी त्यांचे नाव आवर्जून घेते. पाच वर्षांनी, १८८७ मध्ये, कॉख यांचेच सहकारी यूलियुस रिखार्ड पेट्री यांनी एकावर एक बसणाऱ्या दोन उथळ काचेच्या बशा वापरल्या. वरची किंचित मोठी असल्यामुळे ती झाकण होते, आत हवा खेळते, पण वरून पडणारी धूळ आत जात नाही.

आता प्रत्यक्ष तयारी. बाजारात मिळणाऱ्या पोषक अगरच्या भुकटीत पेप्टोन (अर्धवट पचवलेली प्रथिने), मांसाचा किंवा यीस्टचा अर्क, मीठ आणि अगर असे घटक असतात. नेहमीच्या भुकटीचे प्रमाण एक लिटर पाण्याला २८ ग्रॅम असे असते, त्यामुळे १४ ग्रॅम भुकटी अर्धा लिटर पाण्यात विरघळवली की प्रत्येकी २० मिलिलिटर या हिशेबाने २५ बशा भरतात. मिश्रण कापसाचा बोळा लावलेल्या चंबूत भरून आणि बशा कागदात गुंडाळून प्रेशर कुकरमध्ये ठेवायच्या. कुकरमध्ये वाफेचा दाब पूर्ण चढला की आतले तापमान १२० अंशांच्या आसपास जाते. प्रयोगशाळेतला ऑटोक्लेव्ह, म्हणजे निर्जंतुकीकरणाचा मोठा कुकरच, १२१ अंशांवर १५ मिनिटे चालवतात. घरगुती कुकरची शिट्टी होताना दाब खाली-वर होतो, म्हणून मी पहिली शिट्टी झाल्यावर गॅस बारीक करून पुढे अर्धा तास मोजते.

एके वर्षी आमच्या कुकरची रबरी कडी झिजली होती आणि ऐन वेळी दुसरी मिळेना. मी पातेल्यात पाणी उकळून त्यात चंबू अर्धा तास ठेवला आणि एवढे पुरे होईल असे समजून बशा भरल्या. तिसऱ्या दिवशी मुले बशा पाहून हरखून गेली, कारण प्रत्येक बशी भरलेली होती. मळकट पांढऱ्या, कोरड्या, भाजलेल्या पापडासारख्या सुरकुतलेल्या आणि कडेला फाटक्या दिसणाऱ्या वसाहती जिथेतिथे पसरल्या होत्या. कडीच्या गटाने मोजणी सुरूही केली होती. तेवढ्यात एक मुलगी कपाटातून काहीही न लावलेली बशी घेऊन आली आणि शांतपणे म्हणाली, "बाई, ही कोरी बशीपण तशीच आहे." आम्ही सगळ्या बशा उजेडात धरून पाहिल्या. काही ठिपके तर थराच्या आत, मधोमध होते. काडी वरून ओढलेली असताना आत काही उगवण्याचे कारणच नव्हते. जे वाढले होते ते कडीवरचे नव्हते, नळावरचे नव्हते. ते माध्यमातच होते आणि माझ्या उकळण्यातून जिवंत वाचले होते.

माती आणि धुळीत आढळणारे बॅसिलस गटातले जिवाणू परिस्थिती बिकट झाली की स्वतःभोवती जाड कवच तयार करून बीजाणूच्या रूपात जातात. या अवस्थेत ते खात नाहीत, वाढत नाहीत, पण १०० अंशांचे उकळते पाणी बराच वेळ सहन करतात. नंतर माध्यम निवले की त्यांना अन्न, ओलावा आणि ऊब तिन्ही एकदम मिळतात. १८७७ मध्ये जॉन टिंडल या शास्त्रज्ञाला वाळलेल्या गवताच्या काढ्याने अशाच प्रकारे बेजार केले होते. त्याने काढला तो उपाय असा, की काढा एकदा उकळायचा, मग वाट पाहून बीजाणूंना अंकुरू द्यायचे, कवच टाकलेल्या त्या जिवाणूंना पुन्हा उकळून मारायचे, आणि असे तीन दिवस करायचे. कुकर असताना ही यातायात करावी लागत नाही. त्या वर्षीच्या २५ बशा आम्ही टाकून दिल्या आणि नव्या रबरी कडीनंतर प्रयोग पहिल्यापासून केला. कोरी बशी ठेवलेली नसती, तर कडीवर बॅसिलसचे साम्राज्य आहे असा निष्कर्ष आम्ही वह्यांमध्ये लिहिला असता आणि तो खोटा आहे हे कोणालाच कळले नसते.

माध्यम ५० अंशांच्या आसपास, म्हणजे चंबू हातात धरवेल इतके निवले की ओतायचे. फार गरम ओतले तर झाकणावर पाण्याचे थेंब साठतात, फार थांबलो तर चंबूतच गुठळ्या होतात. ओतताना पंखे बंद, खिडक्या बंद, शेजारी स्पिरिटचा दिवा पेटता, कारण ज्योतीभोवतीची हवा वर चढत असल्यामुळे धूळ बशीत खाली उतरत नाही. झाकण पूर्ण काढून बाकावर ठेवायचे नाही. शिंपला किंचित उघडावा तसे एका बाजूने उचलायचे. पंखा बंद केला की मुले कुरकुरतात, आणि एवढी काळजी कशाला असे विचारतात. तेव्हा मी त्यांना मुल्कोवालची हकिकत सांगते.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग पसरला तेव्हा जिवाणूशास्त्रज्ञ वाल्देमार हाफकिन यांना इथे बोलावण्यात आले. ग्रँट मेडिकल कॉलेजमधल्या छोट्याशा जागेत त्यांनी प्लेगचे जिवाणू मांसरसात वाढवले. रसावर तुपाचे थेंब तरंगत ठेवले की जिवाणू त्या थेंबांना धरून खाली झुंबरासारखे लोंबत वाढत. ते जिवाणू मारून त्यांनी लस केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था त्याच कामातून उभी राहिली. पुढे १९०२ मध्ये पंजाबातल्या मुल्कोवाल गावी लस टोचलेल्यांपैकी १९ जण धनुर्वाताने दगावले, आणि ते सगळे एकाच बाटलीतली लस घेतलेले होते. दोष प्रयोगशाळेवर आला आणि हाफकिन यांना पद सोडावे लागले. बाटली उघडताना एका मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच बूच काढायला वापरला गेला होता, हे नंतर पुढे आले. हाफकिन १९०७ मध्ये निर्दोष ठरले. धनुर्वाताच्या जिवाणूचे बीजाणू मातीत असतात, आणि चिमट्याने जमिनीला स्पर्श केला होता तो क्षणभरच. ही हकिकत ऐकल्यावर काडी खाली पडली तर मुले आपणहून नवी काडी घेतात.

नमुना घेताना जागेचे माप सारखे हवे, नाहीतर तुलना फुकट जाते. आम्ही पुठ्ठ्यात ५ सेंटिमीटर बाजूचा चौकोन कापतो, तो पृष्ठभागावर धरतो आणि आतल्या आत काडी दहा वेळा आडवी व दहा वेळा उभी फिरवतो. कडीसारख्या गोल वस्तूवर हे जमत नाही, तेव्हा निदान फेऱ्या मोजतो. बशीवर नाव तळाला लिहायचे, झाकणावर कधीही नाही, कारण झाकणे अदलाबदल होतात. प्रत्येक जागेच्या तीन बशा कराव्यात, कारण एकाच बशीवर पडलेला धुळीचा एक कण सगळा हिशेब बिघडवू शकतो.

आणि कोऱ्या बशासुद्धा तीन लागतात. एक अजिबात उघडायची नाही. तिच्यावर काही वाढले तर माध्यम किंवा बशी निर्जंतुक झाली नव्हती. दुसरी इतर बशांइतकाच वेळ उघडून काही न लावता बंद करायची. तिच्यावर जे वाढेल ते हवेतून आले. तिसरीवर निर्जंतुक पाण्यात बुडवलेली, पण कशालाही न लावलेली काडी ओढायची. त्यावरून काडीचा आणि पाण्याचा खरेपणा कळतो. कडीच्या बशीवर १४ वसाहती आणि हवेच्या बशीवर ११ वसाहती आल्या, तर कडीविषयी आपल्याजवळ सांगण्यासारखे जवळजवळ काहीच नाही. हे स्वीकारणे मुलांना जड जाते, कारण त्यांनी कष्ट केलेले असतात आणि १४ हा आकडा त्यांना आपला वाटतो.

नमुने कुठून घ्यायचे नाहीत हेही आधी ठरवावे लागते. संडास, गटार, नाक, घसा, जखम, पुटकुळी, कच्चे मांस आणि प्राण्यांचे पिंजरे वर्ज्य. याचे कारण मुलांना नीट सांगितले पाहिजे. शरीराला संसर्ग होतो की नाही हे बऱ्याचदा जिवाणूंच्या संख्येवर अवलंबून असते. कडीवर पाच-दहा असलेला एखादा रोगजनक जिवाणू आपली त्वचा आणि प्रतिकारशक्ती सहज निपटते, पण बशीत त्याचे कोट्यवधी होतात. त्यामुळे वाढ झालेली बशी ही मूळ पृष्ठभागापेक्षा कितीतरी अधिक जपून हाताळण्याची वस्तू असते. याच विचाराने शाळांमध्ये बशा २५ अंशांच्या आसपास ठेवाव्यात असा संकेत आहे, कारण माणसाला आजारी पाडणाऱ्या बऱ्याच जिवाणूंना ३७ अंश हे शरीराचे तापमान मानवते. आपल्याकडे उन्हाळ्यात खोलीच ३५ अंशांवर जाते, म्हणून मी हा प्रयोग आता डिसेंबर-जानेवारीतच घेते. झाकणाला चिकटपट्टीचे दोन-चार तुकडे लावायचे, पण कड पूर्ण बंद करायची नाही, नाहीतर आतला प्राणवायू संपून प्राणवायूविना वाढणाऱ्या नको त्या जातींना वाव मिळतो. बशा पालथ्या ठेवायच्या, म्हणजे साठलेले थेंब वसाहतींवर पडून त्या एकमेकींत वाहत नाहीत. त्यानंतर बशी कोणीही, कोणत्याही कारणाने उघडायची नाही. सगळे निरीक्षण बंद काचेतून, भिंगाने.

काचेतून जे दिसते ते मात्र पाहत राहावे असे असते. आपल्या त्वचेवरच्या स्टॅफिलोकॉकसच्या वसाहती लहान, गोल, दुधाळ आणि चकचकीत असतात. मायक्रोकॉकस ल्युटिअस हळदीसारखा पिवळा दिसतो. बॅसिलसचा सुरकुतलेला पापड वर आलाच आहे. कापसासारखे तंतू दिसले तर ती बुरशी. त्यावर काळी पूड धरली तर बहुधा अ‍ॅस्परजिलस, निळसर हिरवी असेल तर बहुधा पेनिसिलियम. "बहुधा" हा शब्द मी मुद्दाम वापरते, कारण केवळ रंग-रूपावरून जात ठरवता येत नाही. त्यासाठी रंजकद्रव्ये, रासायनिक चाचण्या आणि आजकाल डीएनएचे वाचन लागते. मुलांनी वहीत "पिवळी, गोल, चकचकीत, २ मिलिमीटर" असे लिहिले तर मला ते कोणत्याही लॅटिन नावापेक्षा अधिक आवडते.

निकाल पुष्कळदा अपेक्षेबाहेरचे लागतात. खडूने माखलेल्या डस्टरवर सगळ्यात जास्त वाढ होईल असे मुलांना वाटते, पण डस्टर कोरडे असते आणि कोरडेपणा बहुतेक जिवाणूंना मारक ठरतो. आमच्याकडे नळाखालचा ओला फडका दर वर्षी बाजी मारतो. जुन्या पितळी कडीवर स्टीलच्या कडीपेक्षा कमी वसाहती निघाल्या तर नवल नाही, कारण पितळेत तांबे असते आणि तांब्याच्या पृष्ठभागावर जिवाणू फार काळ टिकत नाहीत.

सर्वांत जास्त गोंधळ हात धुण्याच्या बशीवर होतो. एकाच बशीचे तळाला रेघा मारून तीन भाग करायचे आणि न धुतलेले, नुसत्या पाण्याने धुतलेले व साबणाने धुतलेले बोट त्यावर टेकवायचे. साबणाच्या भागावर कधी कधी सर्वांत जास्त वसाहती येतात आणि मुले म्हणतात की साबण निरुपयोगी आहे. त्वचेवर दोन प्रकारचे जिवाणू असतात हा भेद फिलिप प्राइस यांनी १९३८ मध्ये मांडला. काही बाहेरून आलेले पाहुणे, तर काही त्वचेच्या थरांत कायम वस्ती करून असलेले. चोळून धुतल्यावर पाहुणे वाहून जातात, पण वरची मृत त्वचा सैल होऊन आतले रहिवासी पृष्ठभागावर येतात, आणि ओल्या बोटाला ते अधिक चिकटतात. हगवण, टायफॉइड यांसारखे रोग पसरवणारे असतात ते पाहुण्यांपैकी. म्हणजे वसाहतींची संख्या वाढली तरी हात अधिक सुरक्षित झालेला असू शकतो. बशीला पाहुणा आणि रहिवासी यांतला फरक कळत नाही. ती फक्त मोजते.

याच कारणाने "मोबाइल संडासाच्या सीटपेक्षा घाण" अशा मथळ्यांकडे मी मुलांना सावधपणे पाहायला सांगते. वसाहती अधिक म्हणजे धोका अधिक असे नसते, आणि बशीवर काही उगवले नाही म्हणजे तिथे काही नव्हते असेही नसते. विषाणूंना वाढायला जिवंत पेशी लागतात, ते अगरवर वाढतच नाहीत. क्षयाच्या जिवाणूला खास माध्यम आणि कित्येक आठवडे लागतात. कुष्ठरोगाचा जिवाणू हान्सेन यांनी १८७३ मध्ये पाहिला, पण तो आजवर कोणत्याही कृत्रिम माध्यमावर वाढवता आलेला नाही. मातीतल्या आणि पाण्यातल्या बहुसंख्य जिवाणूंचीही गत तीच आहे. म्हणून आमच्या वहीत निष्कर्षाच्या जागी एकच साचा असतो: या माध्यमावर, या तापमानाला, इतक्या दिवसांत, एवढ्या जागेतून इतक्या वसाहती वाढल्या, आणि कोऱ्या बशांवर इतक्या.

मोजणी झाली की काचेच्या बशा पट्ट्यांसकट, न उघडता, परत कुकरमध्ये जातात आणि पूर्ण दाबावर अर्धा तास राहतात. हा कुकर प्रयोगशाळेचाच असतो, तो पुन्हा कोणाच्या स्वयंपाकघरात जात नाही. दाब पूर्ण उतरल्यावर झाकण काढले की पिवळ्या, काळ्या, दुधाळ वसाहतींचा मागमूस राहत नाही. बशांमध्ये पातळ, तपकिरी, मांसाच्या रसासारखा वास येणारा द्रव असतो. तो घट्ट होण्याआधी गरम असतानाच जुन्या वर्तमानपत्रावर ओतून घ्यावा लागतो, कारण मोरीत ओतला तर निवून नळी तुंबते. मग बशा साबणाने धुऊन, उन्हात वाळवून, जोडी जोडीने कागदात गुंडाळून कपाटात जातात, आणि प्रत्येक गठ्ठ्यातली एक बशी आम्ही तेव्हाच खूण करून बाजूला ठेवतो, पुढच्या वर्षी काहीही न लावण्यासाठी.